कुठली जोन्स?

औषधाच्या दुकानात रांग होती. नेस्ता जोन्स पन्नास वर्षांनी वेल्समधल्या आपल्या खोऱ्यात परतली होती. पुढचे दोघे म्हातारे तिला ओळखत नव्हते.

"एम्लिन, हायवेल दूधवाला आठवतो? तसा ठोसा पुन्हा कुणी मारला नाही बघ."

"आठवतो की. स्वान्सीचा तो पोरगा दुसऱ्याच फेरीत आडवा केला होता त्यानं."

"आणि त्यानंतर गडी बॉक्सिंगच्या रिंगणात उतरलाच नाही. भित्रा कुठला!"

"अरे, दुधाचे कॅन उचलून मनगट गेलं असेल."

"मनगट कसलं? दूध तर रोज घालत होता. आमच्या बापानं त्याचं दूधच बंद केलं."

"तुझा बाप खाणीतल्या उंदराला भ्यायचा, इड्रिस."

"नेस्ता जोन्स!" काउंटरवरच्या पोरीनं हाक मारली. रांगेतल्या दोघी पुढे सरकल्या; दोघींचं नाव तेच. "अगंबाई! यातली कुठली जोन्स?"

नेस्तानं पिशवी छातीशी धरली.

"हायवेल दूधवाल्याची बहीण."

इड्रिसनं टोपी काढली.

"बाई, मी आपलं लोक म्हणायचे तेच बोललो."

"तो पोरगा एकवीस दिवस बेशुद्ध होता. दूध घालून झालं, की हायवेल रोज बसनं इस्पितळात जायचा."

"मग? वाचला का तो?"

"वाचला. डोळे उघडले आणि पाणी मागितलं. हायवेलनं पाजलं. पोरानं विचारलं, तू कोण रे?"

"काय सांगितलं त्यानं?"

"म्हणाला, दूधवाला."