पेगीआजीचा होकार

अगं मॉरव्हेन, चहा राहू दे, आधी ऐक काय झालं — आणि त्या पिशवीला हात लावू नकोस, सांगते. तर आज रूरीच्या आजीला पहिल्यांदा भेटले. आमच्या लग्नाचं पक्कं व्हायचं तर पेगीआजीचा होकार हवा, रूरी दिसतो दांडगा पण तिच्या शब्दाबाहेर नाही. आणि म्हातारी भेटते कुठे? घरात? छे — डोंगरावर! ती पुढे शेळीसारखी टणाटण, तिच्यासोबत रूरी, मागे मी धापा टाकत. आता त्यांची रीत अशी, की खालून एकेक दगड न्यायचा नि माथ्यावरच्या ढिगावर ठेवायचा. मी विसरले ना! ग्लासगोत कोण दगड घेऊन फिरतं? अर्ध्या वाटेवर आठवलं, तर सगळीकडे नुसती हेदरची झुडपं आणि चिखल. मग एक पडकी भिंत दिसली, ते दोघं पुढे होते — घेतला एक उपसून. छान चौकोनी. वर ठेवला तर आजी खूश, म्हणे पोरीला दगडाची पारख आहे. मी हवेत!

उतरताना नेमकी त्याच भिंतीशी थांबली. हे आमचं घर, म्हणाली — जमीनदारानं मेंढ्या चारायला अख्खं गाव हुसकावलं, तिच्या पणजीला चुलीवरचं भांडंसुद्धा उचलू दिलं नाही. आणि भिंतीत हे भगदाड! आत घरटं, पिल्लं उघडी, आणि एवढासा पांढऱ्या शेपटीचा पक्षी आमच्यावर टकटक ओरडतोय. आजी म्हणाली, "मेंढीनंच पाडलं असणार. अजून पिच्छा सोडत नाहीत."

म्हटलं, तो दगड परत आणायलाच हवा. टोपी वर राहिली म्हणाले नि पळाले — हो, मी, पळाले! — ढिगातून तो दगड काढला, छातीशी धरून खाली आले. तोवर आजीनं दुसरा दगड लावून भगदाड बुजवलेलं, पक्ष्यापुरती फट ठेवून. माझ्याकडे बघतच राहिली. "ढिगातला दगड काढलास? गेलेल्या माणसांच्या नावाचे असतात गं ते." आता खरं सांगावं, तर ती मेंढी मीच! तोंडातून निघून गेलं, "आठवण म्हणून... आमच्या नव्या घरात ठेवायला."

आजीचे डोळेच भरले. गळ्यातला मफलर काढून तिनं दगड गुंडाळला, माझ्या हातात दिला, आणि रूरीला म्हणाली, "हिलाच कर." रूरी आत्ता घरी दगडासाठी फळी ठोकतोय — आणि तिच्या पणजीच्या घराचा तुकडा या पिशवीत. हसू नकोस. तू काय केलं असतंस?