खड्ड्यातलं देऊळ

नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्र्यंबक सर डोळ्यांत थेंब घालून, ते घट्ट मिटून बसले होते. उद्या बारावीच्या भूगोलाची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला त्यांना बाहेरचे परीक्षक म्हणून एका कॉलेजात जायचं होतं. शेजारच्या बाकावर एक मुलगी आणि एक मुलगा नंबराची वाट बघत कुजबुजत होते.

“सुशांत, माझ्या टेकडीचा खड्डा झालाय रे.”

“म्हणजे?”

“नकाशात समोच्च रेषांचे आकडे आत जाताना वाढायला हवेत. मी उतरते घातलेत. शंभर, ऐंशी, साठ.”

“मग खोड ना.”

“पेनाने लिहिलंय. मॅडमची सहीपण झालीये.”

“क्षिप्रा, मेलो. मी तुझंच उतरवलेलं.”

“आणखी कोणी?”

“तुझं जर्नल कळव्यापर्यंत फिरून आलंय. अख्ख्या वर्गात एक टेकडी उरली नसेल.”

“मी एकटीने नीट केलं तर?”

“तर तूच चुकलेली दिसशील, बावळट.”

“आणि माथ्यावर मी देऊळ दाखवलंय.”

“असू दे. भाविक चढण्याऐवजी उतरतील.”

“उद्या बाहेरच्या सरांनी विचारलं तर?”

“ते म्हणे काही बघतच नाहीत. नुसती सही ठोकतात.”

सरांना राहवेना. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, “पण पावसाळ्यात त्या देवळात पाणी भरत नाही का?”

क्षिप्राने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“बरोबर आहे काकांचं. सुशांत, ग्रुपवर टाक. सगळ्यांनी देवळाभोवती तळं काढा.”

“निळ्या पेन्सिलीने?”

“निळ्याच. थँक्यू हां काका, तुमच्यामुळे अख्खा वर्ग वाचला.”