साखर कुठल्या बाटलीत

दातांच्या दवाखान्यात सहा खुर्च्या होत्या आणि चार माणसं. कोपऱ्यातल्या तरुणाने पुस्तक मिटलं, कारण शिवणकाम करणाऱ्या एक बाई शेजारच्या आजींना लेकीचं संशोधन सांगत होत्या.

"जंतूंना ना डोळे, ना नाक. तरी साखर कुठे आहे ते बरोबर कळतं."

"ते कसं गं?"

"पोहताना गोडी वाढली की सरळ जातात. कमी झाली की गिरकी घेऊन वाट बदलतात."

"आमच्या ह्यांच्यापेक्षा शहाणे म्हणायचे."

"पण तिचे सर म्हणाले, तुला हवं तेच तू मोजलंस. पुन्हा मोज, नाहीतर प्रबंध विसर."

"मग?"

"मग बाटल्यांवर आकडे मी घातले. साखर कुठल्या बाटलीत, ते फक्त माझ्या वहीत. तिने नुसते जंतू बघून सांगायचं. आज सर वही उघडतायत."

"आणि चुकली असेल तर?"

"आजी, ती लहानपणी माझी बटणं मोजायची. एक कमी भरलं तर जेवायची नाही."

फोन वाजला.

"बोल गं. सावकाश, मला नीट ऐकू दे."

पलीकडचा आवाज तरुणापर्यंतही पोहोचला. वीसपैकी एकोणीस बाटल्या तिने बरोबर ओळखल्या होत्या.