गरुडजीतचे पाय

…अन् आता ही मोठी झालेली पोरं माझ्याच दुकानात, माझ्याच बाकड्यावर बसून मलाच सांगत्यात, "आबा, अठ्ठ्याण्णव सालातली ती कॉमिकं म्हंजे नुसता कचरा व्हता हो!" कचरा? अरे, कुणाला सांगता? तुमी ते नुसतं वाचलंय रे, मी शिवलंय ते!

तुमाला सांगतो राव, मी काय बोलणारा माणूस न्हाई. चौथी पास, पिंपळवंडीत चाळीस वर्षं पायमशीन चालवतोय, गिऱ्हाइकाशी माझं बोलणं म्हंजे 'हात वर करा' अन् 'पोट सैल सोडा', संपलं. पण कचरा म्हणाले ना, आता ऐकाच.

हा गरुडजीत म्हंजे हिंदी कॉमिकातला उडणारा हिरो. स्टँडवरच्या टपरीत भाड्यानं मिळायचा. आधीचा लई साधा गडी. पिवळा अंगरखा, लाल चड्डी इजारीच्या वरून घातलेली, पाठीला पडदा, म्हाताऱ्या माणसाला हात देणार, चोराला नुसता दटावणार. मग एका अंकात कंपनीनं त्याला मारला. चमचमतं कव्हर लावून मारला! अन् दोन महिन्यांनी परत आणला, तर हा कोण? छातीवर पट्टे, मांडीवर पट्टे, खांद्याला खिळे, दात कायम आवळलेले, जसं काय दाढ दुखतीय… अन् खिसे. किती खिसे!

शाळेत दोन तट पडले. जुन्यावाल्यांचा पुढारी सुदर्शन, नव्यावाल्यांचा धम्मपाल, दोघंबी सातवीत. रोज माझ्या दुकानासमोर भांडण. "तुझ्या नव्याला तर पायच न्हाईत!" "हायेत!" "मग दाखव ना, कुठंयत पाय?" मला वाटायचं, काय हे येड्यासारखं भांडत्यात.

अन् एक दिवस माझी नात, तेजस्विनी, सहावीतली, म्हणाली, "आबा, ग्यादरिंगला वेशभूषेत मी गरुडजीत व्हणार. नवा."

आता तेजूचं सांगतो. दीड वर्षाची असताना ताप आला अन् डावा पाय गेला. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून चालते. वर्गात मागचा बाक सोडत न्हवती, फळ्यापाशी बोलावलं तर रडायची. अन् ही पोर म्हणती स्टेजवर जाणार! जानकाबाई, आमची मंडळी, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "अवं, पोरं हसली तर पुन्हा शाळंत जायची न्हाई ती. काय शिवायचं ते नीट शिवा." चार दिवस हातात, अन् माझ्या डोक्यावर हे ओझं!

कॉमिक मांडीवर घेतलं, टेप काढला. छाती ऐंशी, कंबर बावीस! असा माणूस जल्मात गिऱ्हाईक म्हणून आला न्हाई. मान शोधतोय, तर मान न्हाई, खांद्यावर डायरेक्ट डोकं. मग कॉलर कुठं लावू, कपाळाला? खिसे मोजले, एका पानावर एकोणीस, पान उलटलं तर चोवीस! घरून निघताना दोन अन् वाटंत पाच शिवून घेतो का हा? अन् ठेवतो काय त्यात? गडी उडतो राव! उडणाऱ्याला सुट्टे पैसे कशाला लागत्यात? तरी बसलो. जीपच्या सीटकव्हरचं रेक्झीन आणलं, बावीस खिसे शिवले, मशीनच्या तीन सुया मोडल्या. फुटक्या बादलीच्या पत्र्याचे खिळे कापून खांद्याला लावले. अन् मग म्हटलं, आता बूट बघू.

पाय कुठंयत?

हसू नका. पयल्या पानावर धुकं. दुसऱ्यावर धूर. तिसऱ्यावर पडलेल्या भिंतीचा ढिगारा, बरोबर पायापुढं. चौथ्यावर गडी चंद्रावर, अन् पायापुढं गवत! आता सांगा, चंद्रावर गवत कुठनं आलं? पाचव्यावर चौकटच गुडघ्याला संपली. टपरीतनं सतरा अंक आणले, दिव्याखाली धरले… पाय कुठंयत? सतरा अंकात एक अंगठासुदिक न्हाई!

मी लई हसलो. हसलो, अन् मग हात थांबला. कारण मला कळलं. त्या चित्रकाराला पाय काढताच येत न्हवते. अन् तुमाला म्हणून सांगतो, कुठं बोलू नका… मला पयली दोन वर्षं कॉलर येत न्हवती. म्हणून मी गावात उठवलं व्हतं, 'पुण्यात आता बिनकॉलरचीच फॅशन हाय.' अर्धी पिंपळवंडी बिनकॉलरची फिरली! तवा हा चित्रकार लबाड न्हाई राव. भ्यालेला कारागीर हाय. मालक डोक्यावर बसलेला, अंक उद्या छापायचा, पाय जमत न्हाईत… सोड धूर! मला एकदम माया आली त्याची.

म्हटलं, तुझे पाय मी करतो, बाबा. तेजूला हाक मारली. "तेजे, पाय पुढं कर, बुटाचं माप घेतो."

तिनं परकर पायावर वढून घेतला.

"आबा, पाय नको. त्याला नसत्यातच. म्हणून तर मी ह्योच घेतला."

चाळीस वर्षं मी पायानं पोट भरतोय, अन् माझ्या नातीला बिनपायाचा हिरो शोधावा लागला! टेप गुंडाळला, खिशात घातला.

मग काय, धूर पायजे. शाळेचा शिपाई बहिरू, त्याला गाठला. "काळजीच सोडा भागुजी," म्हणतो, "एक घमेलं इंगळ अन् किलोभर ऊद, स्टेजच्या तोंडाला ठेवतो, गुडघ्यापत्तोर असा धूर काढतो!" काढला. गुडघ्यापत्तोर न्हाई, मुख्याध्यापकांच्या टकलापत्तोर काढला! दुपारचे चार, सरपंच खोकतायत, बाया डोळं पुसतायत, माईकवाला वरडतोय, "यानंतर… खॉक… गरुडजीत…" अन् मी पडद्याआड, तोंडात सुई तशीच, कारण निघताना एक खिसा उसवला व्हता.

तेजू चालत गेली. मधोमध उभी राहिली. धुरात नुसते खिळे अन् खिसे दिसतायत, झकास! म्हटलं, आता एक वाक्य म्हण अन् ये माघारी. अन् तेवढ्यात… वारं सुटलं. वाऱ्याला काय नड व्हती का? एका फुंकरीत सगळा धूर सरपंचाकडं, अन् स्टेज लख्ख.

पाय दिसले.

एक साधा काळा बूट. एक लोखंडी पट्ट्यांचा. घमेल्यातला निखारा तडतडलेला मला ऐकू आला. कुणीतरी पोरगी खुदकन हसली. तेजूचे हात बघा, परकर शोधतायत… परकर कुठला, रेक्झीनची इजार! जानकाबाई पयल्या रांगेत उठून उभी राहिली. मी सुई गिळायच्या बेतात.

अन् मागनं धम्मपाल बाकावर चढून बोंबलला, "पाय हायेत! ए सुदर्शन, बघ! नव्याला पाय हायेत!"

सुदर्शन काय गप बसतोय? "एक लोखंडी हाय!"

"मंग? नवा हाय त्यो! लोखंडीच असणार!"

अन् सगळे नव्यावाले बाकावर! दोन वर्षांचा खटला जिंकला व्हता त्यांनी! "पाय हायेत! पाय हायेत!" तेजू बघतीय. आधी त्यांच्याकडं, मग खाली पायाकडं, जसं काय तिलाबी आत्ताच सापडला. अन् मग तिनं तो लोखंडी पाय उचलला अन् फळीवर आपटला. ठण्ण! पोरं म्हणाली, "अजून!" ठण्ण! अन् मग तेजूनं वाक्य फेकलं, "गरुडजीत मरता नहीं… लौटता है!" ठण्ण! तीन खिसे तुटून सरपंचांच्या मांडीवर पडले.

दुसऱ्या दिवशी पोर पुढच्या बाकावर बसली. मी काय शिकलेला न्हाई, पण तवापासनं त्या कॉमिकाला माझ्यासमोर कचरा म्हणायचं न्हाई. आधीच्या त्या गुणी गरुडजीतला पानापानावर दोन-दोन पाय व्हते, पण त्यात आमची तेजू मावली नसती.

आता फोटोचं. आठ दिवसांनी फोटोवाल्यानं मोठा फोटो आणून दिला. खिळे आले, खिसे आले, आवळलेले दात आले. तेजू बघती, बघती, अन् म्हणती, "आबा… पाय कुठंयत?" गुडघ्यापाशी खलास! मी जल्मात कुणावर वरडलो न्हाई, त्याच्यावर वरडलो. तो म्हणतो, "आजोबा, खिसे एवढे व्हते, सगळं कुठं मावणार?"

तो बघा, अजून भिंतीवर हाय, नऊ वर्षं झाली. तेजूनं त्याच दिवशी माझा मापाचा खडू घेतला अन् फ्रेमच्या खाली भिंतीवर दोन्ही पाय काढले, पट्ट्यासकट. दिवाळीला रंग देताना मी तेवढी जागा सोडतो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक कापड ठेवतं, वर बघतं, खाली बघतं अन् विचारतं, "भागुजी, ही रताळी कशाला काढलीत?"

काय सांगू? पाय काढणं खरंच लई अवघड असतं हो… हं, हात वर करा.