धुराला जोर म्हणत न्हाईत

माझं माहेर मोरगावच्या पलीकडं, माळावर. आज्यापतोर घरात मेंढरं होती, बापानं ती इकली आन् कोरडवाहू रान धरलं, तितं बाजरी न् ज्वारी सोडून दुसरं काय पिकणार. मी शालन, थोरली लेक. शाळा चौथीपतोर, पुढची शाळा लांब होती आन् बापाला खळ्यावर हात पायजे होता. उफणणीला मलाच तिपाईवर उभी करायचे, आई म्हणायची हिला वारं कळतं. आता तुमी म्हणाल, डिझेलच्या पंपाचं इचारलं तर ही बाई खळ्यावर कुठं गेली, पण काय सांगू तुम्हाला, माझी खरी शाळा तीच.

लग्न होऊन बारामतीत आले. सासऱ्याचं भिगवण रस्त्याला दुकान, ट्रॅक्टर, ट्रक, जीप, सगळ्यांचे डिझेल पंप न् नोझल दुरुस्त करायचं. सासरे गेल्यावर तितं आमचं मालक बसायचं. मी दुपारचा डबा घेऊन यायची आन् बसून बघायची, मग सुटं भाग रॉकेलात धुवायला लागले, मग जोडायला लागले. मालक म्हणायचं, शालन, घरी जा, भाकरी टाक, मी म्हणायची भाकरी भाजून झाली, तुमचा पंपच कच्चा राहिलाय.

मग ते इपरीत झालं. नोझल तपासताना डिझेलची धार सुईपरास बारीक सुटती, ती ह्यांच्या उजव्या बोटात घुसली. वरनं मुंगी चावल्यागत दिसत होतं, म्हणून आमी हळद लावून बसलो. हळदीनं काय व्हायचंय, डिझेल आत गेलेलं. बोटं काळी पडली, शेवटी तीन काढावी लागली. तवापासनं मालक दुकानात यायचं पण कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं, बोलायचं न्हाईत. मी पान्हा हातात घेतला आन् गिऱ्हाईक कमी झालं. लोकं दारात यायची, इचारायची, मिस्त्री कुठाय? मी म्हणायची मीच, तर म्हणायची बरं बरं, येतो मग, आन् शेजारच्या एसटीडीत फोन केल्यासारखं करून पसार.

माझं धाकटं दीर, त्यांचं स्टँडजवळ स्पेअर पार्टचं दुकान. ते आलं आन् म्हणालं, वयनी, पंपावर बाई बसल्यावर गिऱ्हाईक यील का? पंप तपासायचं मशीन मी माझ्याकडं न्हेतो, चांगला मिस्त्री ठेवतो, तुमी घरात बसून सुखानं खावा. मी म्हणलं, भावजी, बोटं ह्यांची गेली, माझी दहा शाबूत हायती. ते हसलं. म्हणालं, असं हाय व्हय, मग जी गाडी कुणाला जमंना ती करून दावा. जमली तर मशीन हितंच राहील, न्हाय तर आयतवारी टेंपो लावतो. मी म्हणलं, चालंल.

गाडी दीरानंच धाडली, सणसरच्या बापूरावांची जीप. मागं ट्रॉली, ट्रॉलीत दुधाचे कॅन, रोज सकाळी बारामतीला दूध आणायचं. बापूरावांनी भंगारातनं एका टेंपोचा टर्बो आणून त्या जीपला बसवला होता. टर्बो म्हंजे काय, धुराड्याकडं निघालेल्या गरम झोतावर फिरणारा पंखा, तो इंजनात जास्तीचं वारं कोंबतो. वारं वाढलं, पण त्या वाऱ्याला पुरंल एवढं डिझेल कुठनं यायचं? चढाला गाडी ओढंना. एक मिस्त्री म्हणाला पुण्याहून मोठा पंप आणा. दुसऱ्यानं पंपाचा स्क्रू पार आत पिळून डिझेल वाढवलं, तर गाडी उभ्या उभ्या काळाभोर धूर टाकायला लागली, इंजन तापायला लागलं. आन् आमच्याकडं एक खूळ हाय बघा, जेवढा काळा धूर तेवढी गाडी ताकदीची. कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर धूर ओकत गेला की पोरं शिट्ट्या मारतात.

मी पयल्यांदा पंपाला हातच लावला न्हाय. टाकी काढली, तर तळाची जाळी गाळानं भरलेली. टाकीपासनं पंपापतोरची नळी बारीक आन् एका जागी चेपलेली, ती काढून जुन्या ट्रॅक्टरची रुंद नळी घातली. डिझेल ओढणारा छोटा पंप असतो, त्याच्या झडपा घासून बसवल्या. नोझल धुवून चारी सारखे केले. निम्मा आजार हितंच गेला. मग स्क्रू परत मागं घेतला, तशी बापूरावांच्या तोंडाची चव गेली. ताई, गाडीचा जीव काढताय काय?

पण डिझेल तर वाढवायचंच होतं. आन् तितंच मला खळं आठवलं. उफणताना पाटी कवा वतायची? वारं आलं की. वारं पडलं की हात आवरायचा, न्हाय तर दाणा न् भुसकाट एकाच जागी पडतंय. ह्या गाडीत तेच चाललं होतं, वारं यायच्या आधीच पाटी उपडी! ट्रकच्या पंपावर ह्याच कामाची एक डबी असती, आत रबराचा पडदा, टर्बोचं वारं पडद्यावर दाबलं की डिझेल वाढतं, वारं सरलं की कमी होतं. भंगारात डबी मिळाली, पडदा फाटका. मी द्राक्षावर औषध मारायच्या पंपाचा पडदा कापून घातला, आत कापड असलेलं रबर, ताणत न्हाय. लेथवाल्याकडनं डबीचं तोंड जीपच्या पंपाला जुळवून घेतलं. डबी बसवताना कोपऱ्यातनं आवाज आला, शालन, डबीची स्प्रिंग कडक हाय, एक वळसा सोड. कितीक महिन्यांनी मालक कामाचं बोललं. मी मागं न बघता वळसा सोडला.

कालव्याच्या पुलाच्या चढावर गाडी बघायची ठरलं. कॅन पाण्यानं भरले, दीर चार माणसं घेऊन हजर. बापूरावांनी गाडी घातली. धूर न्हाय. एकजण म्हणाला, मेली, मेली गाडी, बाईनं मारली. खरंच चढाच्या तोंडाला जीप जडावली, मशीन गेलं म्हणलं. आन् मग टर्बोची शिट्टी चढत गेली, डबीनं पाटी वतली, आन् जीप अशी उचलली, काय सांगू, ट्रॉलीसकट पुलावर. मागं धुराची नुसती राखाडी रेघ.

बापूराव खाली उतरलं तरी त्यांचं समाधान न्हाय. म्हणालं, ताई, ओढती झकास, पण थोडा तरी धूर ठिवा की, लोकांत बरं दिसतंय. मी म्हणलं, बापूराव, धूर म्हंजे तुमचंच डिझेल न जळता चाललंय. चुलीत धूर झाला की सुनंला शिव्या देता आन् गाडीत झाला की मिशीला पीळ देता व्हय?

दीरानं मात्र मान्य केलं न्हाय. म्हणालं, आज चढली, उद्या बसंल. आन् आयतवारी टेंपो लावलाच, दोन हमाल घेऊन. दिलेल्या शब्दाचं काय, म्हणलं तर म्हणालं, बाईमाणसाशी कसला शब्द. मी मशीनवर एक पंप चढवला होता, तो चालूच ठेवला, म्हणलं गिऱ्हाइकाचं काम अर्धं हाय, उचला चालू मशीन. हमाल मागं सरले. तवा मालक उठलं, दाराच्या मधोमध खुर्ची ठेवून बसलं आन् म्हणालं, बाबानं मशीन मला दिलंय, आन् मी ते हिला दिलंय, इचारायचं आसंल तर हिला इचार. टेंपो रिकामा गेला.

त्याला आता काही वर्षं झाली. दीर बोलत न्हाईत, लग्नाकार्यात तोंड फिरवून बसतात. पण त्यांच्या ट्रॅक्टरचा पंप ड्रायव्हरच्या हातानं माझ्याकडंच येतो, कुणाचा हाय ते ड्रायव्हर सांगत न्हाय आन् मी इचारत न्हाय. दुसऱ्याचा करते तसाच करते. देव त्यांचं भलं करो, त्यांच्या लेकराबाळांचं भलं करो. दुकानाची किल्ली तेवढी माझ्या कमरंला हाय, ती हितंच राहणार.