भरल्या डब्यांचं घर

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगाचार्य, तुम्हीही बोटं मोकळी करून घ्या. गायलो पुष्कळ, आता ऐका!

पण आधी एक प्रश्न. सोपा वाटेल, उत्तराची घाई करू नका. लेकरावर माया करायची म्हणजे नेमकं काय करायचं हो? त्यानं मागितलं ते आणून द्यायचं? या पुढच्या ताई मान डोलावताहेत. मागं खांबाला टेकलेले काका मनात म्हणताहेत, "महाराज, लेकरांसाठीच तर राबतो!" राबता की! कोण नाही म्हणतंय? पण ती माया लेकराच्या अंगी लागते, की पिशवीतून येते नि पिशवीबरोबरच उकिरड्यावर जाते? हे तपासलंय कधी? नाही ना? मग ऐका!

सटाण्याला गोरख खैरनार नावाचे गृहस्थ. धंदा काय? तर फोटोला चौकटी बसवायचा! देवाचे फोटो, लग्नाचे फोटो, गेलेल्यांचे फोटो – सगळे त्याच्या दुकानात येऊन काचेमागं बसायचे. माणूस गरीब स्वभावाचा. बायको शैला पतपेढीत नोकरीला. एकुलता एक मुलगा हर्षल. आणि घरात गोरखची आई, कौसाबाई.

आता या कौसाबाईचं काय सांगू! तिनं वांगं भाजायला ठेवलं, की गल्लीतली माणसं काहीतरी काम काढून दारावरून जायची. "कौसाकाकू, बरं आहे ना?" काकू बरी होतीच हो, यांनाच भरीत पाहिजे होतं!

पण एक गोष्ट होती. स्वयंपाकघरात तिच्याशिवाय कुणाचा हात चालायचा नाही. शैला नवी नवरी म्हणून आली, लाटणं हातात घेतलं – कौसाबाईनं काढून घेतलं. "ठेव गं ते. दिवसभर नोकरी करून आलीस. बैस." गोरख आत डोकावला, तर "पुरुषमाणसाचं काय काम इथं? बाहेर बैस, आणते." नातू ओट्याशी आला, तर "जा, अभ्यास कर!"

तुम्ही म्हणाल, किती प्रेमळ सासू! होतीच. मी तिला एका शब्दानं नावं ठेवणार नाही. सगळ्यांच्या ताटात तिनं भरभरून वाढलं – पण हातात कुणाच्या काही दिलं नाही. तिला तरी काय ठाऊक, की आपण एक दिवस मटार सोलता सोलता भिंतीला टेकू, नि परत उठणार नाही?

गेली कौसाबाई. तेरावा झाला, पाहुणे पांगले. आणि शैला पहिल्यांदा त्या ओट्यापुढं एकटी उभी राहिली. चहा येत होता. बाकी? पोळी केली – तिला कोपरे किती आले ते मोजायला भूमितीचे मास्तर लागले असते! डाळ केली – वरून पाणी, खाली खडे. नवरा-बायको आधी हसले. मग दोघंही रडले. आईची आठवण आली हो. आणि डोळे पुसून गोरख म्हणाला, "जाऊ दे शैला. मी बाहेरून आणतो काहीतरी."

त्या दिवसापुरतं म्हणाला होता. पण हे 'बाहेरून काहीतरी' घरात आलं, पाय पसरून बसलं, नि मुक्कामालाच राहिलं!

सकाळी चहात बुडवून बिस्किटं. शाळेच्या डब्यात कुरकुरीत पाकीट. संध्याकाळी वडापाव. रात्री गाडीवरचा लालभडक भात. पोरगं खूश! बापही खूश – आजी गेली तरी लेकरू खातंय ना पोटभर! वर्ष सरलं. हर्षलचे सदरे पोटावर तटतटायला लागले. नातेवाईक आले की गालगुच्चा घेऊन म्हणायचे, "खात्यापित्या घरचं पोर दिसतंय!"

हसलात ना? हसू नका. शाळेतली पोरंही अशीच हसायची. त्यानं खेळायला जाणं सोडलं. मैदान सुटलं, की घर. घरी काय? एकटेपणा. एकटेपणाला सोबत काय? पुन्हा पाकीट! कळलं का गाडं कसं रुततं ते?

पुढं जत्रा आली. गावाजवळच्या डोंगरावरची देवी. तिघं निघाले. अर्धा चढ गेला नि हर्षल थांबला. छातीवर हात, ओठ पांढरे, श्वास भात्यासारखा. "पप्पा... दुखतंय इथं..." गोरखच्या पायांखालची पायरी सरकली! चार अनोळखी माणसांनी पोराला झोळीत घेतलं, खाली आणलं, जीपमध्ये घातलं. गोरख वाटभर त्याचे तळवे चोळत होता, नि तोंडानं एकच – "आई, माझं लेकरू!" कुठली आई? देवी, की कौसाबाई? त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. "हृदय शाबूत आहे. घाबरू नका. पण वजन फार झालंय, रक्तदाब या वयात नको तेवढा आहे, यकृतावर चरबी चढतेय. आत्ताच सावरलं तर सावरेल." मग सहज विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

गोरखनं शैलाकडं पाहिलं. शैलानं गोरखकडं पाहिलं.

मग घाबरलेला बाप काय करतो? हुकूम सोडतो! "आजपासून वडा बंद, पाकीट बंद, सगळं बंद!" बंद करणं सोपं असतं हो. चालू काय करायचं, ते कोण सांगणार? सकाळी पोहे आणले, रात्री खानावळीचा डबा – पोरगं दोन घास खायचं, उठायचं. गोरखला वाटलं, चला, सुधारलं!

एका संध्याकाळी चादर बदलायला म्हणून गादी उचलली. खाली काय? पाकिटांचे कागद! एक नाही, दोन नाही – ओंजळीत मावेनात! गोरखचं डोकं फिरलं.

"हर्षल! हे काय आहे?"

पोरगं कागद गोळा करायला वाकलं.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं नाहीस? मरायचंय तुला?" आणि हात वर गेला!

पोरगं मागं सरलं नाही. डोळ्यांत पाणी, पण आवाज साधा. म्हणालं, "पप्पा, बाहेरचं खाऊ नको म्हणता, बरोबर आहे. पण शाळेतून आल्यावर मला भूक लागते. घरातलं काय खाऊ, ते सांगा ना."

"घरातलं? अरे घर भरलंय!" गोरख तरातरा आत गेला. धाडकन एक डबा उघडला – तांदूळ. दुसरा – तूरडाळ. तिसरा – मूग. बाजरी, गहू, शेंगदाणे! सासूच्या सवयीनं शैला डबे भरलेलेच ठेवायची, उघडायचं मात्र कुणी नाही. "हे बघ! हे काय आहे मग?" असं म्हणत त्यानं तूरडाळीची मूठ भरली, नि पोराच्या हातावर घालायला वळला.

आणि थांबला.

मंडळी, त्या मुठीकडं बघा जरा. कच्ची डाळ. पोराचा पसरलेला हात. बापाला उमगलं – ही त्याला देऊन तो करणार काय? आणि मी तरी काय करणार? अन्न आहे, भूक आहे, माया आहे. मधली वाटच कुणाला ठाऊक नाही! वर गेलेला हात केव्हाच खाली आला होता. गोरख तिथंच फरशीवर बसला.

तेवढ्यात शैला कामावरून आली. तिनं कागद पाहिले, उघडे डबे पाहिले, सगळं समजली. पर्स न ठेवताच खाली बसली नि म्हणाली, "खरं सांगू? सासूबाईंनी मला शिकू दिलं नाही, हा राग मी अजून धरून होते. म्हणून ओट्याजवळच जात नव्हते. पण राग मी त्यांच्यावर धरला नि भोगतंय हे पोर."

गोरख म्हणाला, "तुझ्या एकटीचं कसं? मी कुठं शिकलो? मला काय हात नाहीत?"

वा! या वाक्यावर खरं तर मृदंग वाजायला पाहिजे होता!

मालेगावला गोरखची मावशी, ताराबाई. लावला फोन. "मावशी, खिचडी करतोय. मीठ किती?"

"लागेल तेवढं!"

"अगं, पण लागतं किती?"

"चवीपुरतं!"

"आणि पाणी?"

"बेताचं!"

हे आपलं शास्त्र, मंडळी! खिचडी खाली करपली, वर कच्ची राहिली. मावशी फोनवर हसून हसून दमली, मग म्हणाली, "थांब, मीच येते."

आली. पिशवी ठेवली, खुर्ची ओट्याशी ओढली, हात मांडीवर बांधून बसली. गोरखला वाटलं, आता ही पदर खोचणार. छे! "मी पळीला हात लावणार नाही. मी गेले की काय कराल? तुम्ही करा, मी बघते. चुकलं तर खाऊ."

आणि चुकलंच! फोडणी जळली, भाकरी तव्याला चिकटली, गोरखचं बोट भाजलं. शेजारचे एक गृहस्थ खिडकीतून म्हणाले, "काय गोरखशेठ, वहिनींनी कामाला लावलं वाटतं?" गोरख पीठभरल्या हातानंच म्हणाला, "वहिनींनी नाही हो, पोरानं लावलं!"

पोरगं कुठं होतं? मावशीच्या पायाशी, मेथी निवडत. हेच पोरगं मेथीचं नाव काढलं की नाक मुरडायचं! त्या दिवशी भाजी ताटात आली. शैला म्हणाली, "थोडी कडू झालीय वाटतं." तर हर्षल लगेच, "नाही! मी निवडलीय, कडू कशी होईल?" आणि संपवली की सगळी! स्वतः निवडलेल्या भाजीवर माणसाचा असा जीव बसतो.

आता चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. वडापाव सुटला नाही. कधीमधी, तिघं मिळून, हसत खायला लागले. वजनही झटकन उतरलं नाही. पण शाळेतून आलं की शेंगदाणा-गूळ, नाहीतर सकाळची भाकरी नि दही. रात्री तिघं ओट्याशी – एक कापतोय, एक परततोय, एक मीठ चाखतोय. गप्पा परत आल्या घरात. हळूहळू पोराचं खेळणं परत आलं. उंची वाढली, वजन जागच्या जागी राहिलं.

काही महिन्यांनी तपासणी. निकाल येईपर्यंत गोरखला बाकावर बसवेना. डॉक्टरांनी कागद पाहिले. मान हलवली. "रक्तदाब ठीक आहे. यकृतही सुधारतंय. जे करताय ते करत राहा."

गोरख बाहेर आला, पायरीवर बसला नि हुंदके देऊन रडायला लागला. शैला गोंधळली. "अहो, चांगलं सांगितलं ना त्यांनी!"

"म्हणूनच गं," तो म्हणाला. "म्हणूनच."

किती दिवसांनी त्या बापाच्या छातीवरचा दगड उतरला असेल! त्या रात्री म्हणे तो जेवल्या जागी झोपला.

पुढं एकदा शैलाला ताप भरला. गोरख चौकटी पोचवायला परगावी गेलेला. संध्याकाळी घाईघाईनं परतला. बायको तापलेली, पोरगं एकटं, काय झालं असेल? दार ढकललं, नि उंबऱ्यातच उभा राहिला. शैला उशीला टेकून बसलेली. हातात वाटी. मुगाची मऊ खिचडी, जरा जास्तच पातळ. शेजारी हर्षल. तो सांगत होता, "आई, फुंकून खा, गरम आहे." आणि ओट्यावर बापाचं ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून ठेवलेलं!

गोरखनं पाय धुतले. ताटावर बसला. पहिला घास घेतला. मीठ कमी होतं. त्यानं वरून मागितलं नाही.

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. पळू नका! तुम्ही घरात काय आणता, ते मी विचारत नाही. तुमच्या लेकराला तुमच्या घरचं एक तरी कालवण करता येतं का? हात वर करा... अरे! मघाशी टाळ्यांना सगळे हात होते, आता कुठं गेले? आणि बाप्यांनो, खाली काय बघता? सतरंजीत काही सांडलंय का? मुलगा असो, मुलगी असो, उद्या ओट्याशी उभं करा. सांडेल. जळेल. दोन दिवस तुम्हाला करपलेलं खावं लागेल. खा! त्या पांडुरंगालाही रोज नैवेद्य लागतो, नि तो कुणाच्या तरी हातचाच असतो. तो हात तुमच्या लेकराचा असू द्या.

घ्या, उचला टाळ. पोटातून नाव घ्या – विठ्ठल! विठ्ठल!