उपाशीपोटीची गोळी

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. माणसाच्या हातून चूक होते ती ठाऊक नसतं म्हणून, की विचारायची लाज वाटते म्हणून? सांगा! — राहू द्या. मलाही नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

एका गावात सोवनी नावाचे ग्रंथपाल होते. भिडस्त किती? पुस्तक उशिरा आणणाऱ्याची हेच क्षमा मागायचे! पत्नी द्वारकाबाई. त्यांची एकादशी कडक — साबुदाणा नाही, वरई नाही, नुसतं पाणी! (हसताय? तुमच्या एकादशीला ताट पुरत नाही, ठाऊक आहे मला!)

उतारवयात बाईंना मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, "ही गोळी सकाळी, जेवणाआधी. चुकवू नका." गोळ्या द्यायचं काम सोवनींचं. पंधरवड्यात एकादशी आली. आता? जेवणाआधी म्हणालेत — पण जेवणच नाही!

दशमीला सोवनी मेडिकलमध्ये गेले.

"काय देऊ काका?"

"अं... उपासाला..." मागे चार माणसं उभी! "काही नाही. कापूस द्या."

कापूस घेऊन घरी आले, मंडळी!

सकाळी बाई म्हणाल्या, "अहो, गोळी देताय ना?"

"आज उपास आहे ना तुझा..."

"गोळीला कसला उपास? पाण्याबरोबर घेते. पाणी चालतं मला!"

दिली गोळी. अकराच्या सुमाराला बाईंना घाम फुटला. "जरा पडते हो." सोवनींना वाटलं, उपासानं थकली, झोपू दे. पुस्तक घेऊन शेजारी बसले. पान उलटायचे तेही हलक्या हातानं — हिची झोप मोडायला नको! केवढी माया! आणि तिकडे बाईंच्या रक्तातली साखर उतरत चाललेली...

तीन वाजता शेजारच्या कुमुदताई आल्या. त्यांनी बाईंना हलवलं. "अहो काका, या उठत नाहीत!"

दवाखाना. सलाईन. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "उपास करतात हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारायला हवं होतं."

बाई घरी आल्या. चालतात, जेवतात. पण साखर फार वेळ उतरलेली राहिली, मेंदूला इजा झाली; दिवस, वार, माणसं — काही मनात राहत नाही.

"अहो, आज एकादशी का?"

"नाही गं."

"मग वाढा."

एकादशीलाही सोवनी 'नाही' म्हणतात. जन्मभर खोटं न बोललेला माणूस! तिला वाढतात, समोर बसतात... आणि तिच्या वाटची एकादशी स्वतः करतात. नुसत्या पाण्यावर.

मंडळी, न ठाऊक असणं हा दोष नव्हे. पण सोवनींना शंका आली होती हो! तोंडापर्यंत आली होती!

उद्या एकादशी. तुमची आई उपास करते. तिच्या गोळ्यांचं काय करायचं, डॉक्टरांना विचारलंत? घाम, गुंगी दिसली तर झोपू देऊ नका — शुद्धीत असेल तर साखर द्या, दवाखाना गाठा! पांडुरंग समजून घेईल.

खाली का बघताय? आरती मी म्हणतो एकटा. तुम्ही उठा... आधी तो फोन करा.